महामारीत नर्सेसच्या नोंदणीचे नियम सैल करावेत का?

तुम्ही विचारलंय की साथीच्या काळात नर्सेसच्या रजिस्ट्रेशनचे नियम सैल करणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ नाही का. पुढे असंही विचारलंय की तुमची मुलगी बीएससी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, उद्या तशी वेळ आली तर तिला ड्युटीवर पाठवावं का. मी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयात नोकरी केली, शेवटची आठ परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख नर्स म्हणून. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड आयसीयू माझ्याकडे होता. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नियम सैल करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कोणता नियम, ते आधी ठरवायला हवं. आपण ज्याला लायसन्स म्हणतो त्यात तीन गोष्टी असतात. नर्सची नोंदणी कुठल्या राज्याच्या नर्सिंग काउन्सिलकडे आहे, नूतनीकरण वेळेवर झालंय का, आणि शिक्षण पुरं करून ती परीक्षा पास झाली आहे का. पहिल्या दोन कागदाच्या गोष्टी आहेत. तिसरी हाताची आहे.

इंडियन नर्सिंग काउन्सिलचा कायदा १९४७ चा. अभ्यासक्रम तेच काउन्सिल ठरवतं, म्हणजे कोट्टयमची मुलगी आणि कोल्हापूरची मुलगी शिकतात तेच. नोंदणी मात्र राज्याची. केरळात नोंदलेल्या नर्सला इथे काम करायचं तर तिकडची एनओसी आणायची, इथल्या काउन्सिलकडे अर्ज करायचा आणि वाट बघायची. एरवी हे चालून जातं. साथीत चालत नाही, कारण साथ सगळीकडे एकाच दिवशी शिखरावर नसते. मे २०२० मध्ये मुंबईत माणसं कमी पडत होती, तेव्हा महाराष्ट्राने केरळ सरकारला पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० नर्सेस मागितल्या होत्या. तेव्हा केरळात पेशंट कमी होते, इकडे वॉर्ड भरून वाहत होते. अशा वेळी आठ वर्षं आयसीयू केलेल्या सिस्टरला कुठल्या राज्याचा शिक्का आहे म्हणून दारात थांबवणं मला पटत नाही.

अमेरिकेत हाच पेच होता. तिथे तीसहून जास्त राज्यांनी आपसात करार केलेला आहे, एका राज्याचं लायसन्स दुसऱ्यात चालतं. न्यूयॉर्क त्या करारात नव्हतं आणि २०२० च्या वसंतात सगळ्यात मोठा तडाखा न्यूयॉर्कलाच बसला. मार्च २०२० मध्ये गव्हर्नरनी आदेश काढला, की दुसऱ्या कुठल्याही राज्यात नोंदलेली नर्स इथे काम करू शकेल. त्या आदेशाने कोणी कमी शिकलेलं आत आलं नाही, फक्त राज्याची हद्द पुसली. असा नियम सैल करायला मी एका पायावर तयार आहे.

तरी बाहेरून आलेल्या अनुभवी सिस्टरलाही पहिल्या दिवशी एकटं सोडू नये. आमच्याकडे परदेशात बरीच वर्षं काम करून परतलेली एक सिस्टर आली, हात अगदी सफाईदार. पण तिला सवय १०० युनिटच्या इन्सुलिनची, आणि आपल्याकडे व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, येते एका मिलीत ४० युनिटची, त्या व्हायलसाठीची लाल टोपणाची सिरिंज वेगळी. कोविडमध्ये स्टेरॉइडमुळे निम्म्या वॉर्डाची साखर चढलेली होती, दर चार-सहा तासांनी इन्सुलिन चालू. व्हायल आणि सिरिंजची जोडी चुकली की डोस अडीच पटीने चुकतो. तिला हे पहिल्याच सकाळी सांगितलं, म्हणून निभावलं. (भाषेचंही तेच. मल्याळी मुलींना आम्ही 'पालथं झोपा', 'दम लागतोय का', 'मास्क काढू नका' एवढं मराठी आधी शिकवलं. मास्कमागे घाबरलेल्या आजोबांना आपली भाषा ऐकू आली की ते शांत व्हायचे.)

आता तिसरी गोष्ट, जिच्यात तुमची मुलगी येते. ३ मे २०२१ ला केंद्र सरकारने जाहीर केलं, की बीएससी आणि जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या नर्सेसना वरिष्ठ डॉक्टर-नर्सेसच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी द्यावी, आणि अंतिम परीक्षेची वाट बघणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ज्येष्ठ शिक्षकांच्या देखरेखीखाली देता येईल. शंभर दिवस काम केलेल्यांना पुढे सरकारी भरतीत प्राधान्य. निर्णय योग्य होता. 'देखरेखीखाली' हा शब्दही त्यात होता. पण वॉर्डात तो शब्द पाळायला माणूस लागतं.

त्याच दिवसांतली एक रात्र सांगते. माझ्याकडे शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. हुशार, कामाला कधी मागे न हटणारी. एका पेशंटचं पोटॅशियम खाली गेलेलं, डॉक्टरांनी फोनवर 'केसीएल द्या', म्हणजे पोटॅशियमचं इंजेक्शन द्या, एवढंच सांगितलं. मी दोन बेड पलीकडे व्हेंटिलेटरच्या पेशंटला पालथं करत होते. सहज मान वळवली तर ही दहा सीसीच्या सिरिंजमध्ये आख्खा अँप्यूल भरून पेशंटच्या शिरेतल्या नळीजवळ, कॅन्युलाजवळ, उभी. पोटॅशियम सलाइनमध्ये मिसळून तासन् तास हळूहळू सोडायचं असतं, थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. मी पीपीईतून ओरडले. तिचा हात तिथेच थांबला. तो पेशंट पुढे चालत घरी गेला. चूक त्या मुलीची नव्हती. पुस्तकात तिने ते वाचलेलं होतं, पण सलग सहाव्या नाइटला पहाटे तीन वाजता पुस्तक आठवत नाही, शेजारी कोणीतरी असावं लागतं. त्या रात्री तिच्या शेजारी मी कोणाला लावलंच नव्हतं. ती ड्युटी लिस्ट मी लिहिली होती.

ब्रिटनने हे जास्त विचाराने केलं. मार्च २०२० च्या शेवटी त्यांनी तात्पुरतं रजिस्टर उघडलं. अलीकडेच सेवा सोडलेल्यांना थेट घेतलं. सोडून तीन ते पाच वर्षं झालेल्या, आणि फक्त शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा राहिलेल्या परदेशी नर्सेस यांना घेतलं ते एका अटीवर: कायमस्वरूपी नोंदणी असलेल्या व्यक्तीच्या हाताखालीच काम करायचं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रजिस्टरवर घेतलंच नाही, पगारी विद्यार्थी म्हणून वॉर्डात आणलं. म्हणजे मदतही मिळाली आणि कोण काय आहे हेही सगळ्यांना ठाऊक राहिलं.

कोणी म्हणेल, माणसंच नव्हती तर काय करणार? खरं आहे. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नऊ युरोपीय देशांचा अभ्यास आला होता. एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की तेवढीच कमी होते. संख्या आणि शिक्षण, दोन्हीने जीव वाचतात. एक सोडून दुसरं धरता येत नाही, म्हणून नोंदणीचं काम साथ यायच्या आधी व्हायला हवं. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाच्या कायद्यात देशभराच्या एका ऑनलाइन रजिस्टरची तरतूद आहे. ते रजिस्टर रोजच्या रोज अद्ययावत राहिलं, कोणी आयसीयू केलंय, कोणी डायलिसिस, हे त्यात दिसलं, तर पुढच्या वेळी सरकारला विद्यार्थ्यांआधी अनुभवी हात सापडतील.

तुमच्या मुलीबद्दल. ती जायचं म्हणाली तर अडवू नका. त्या वयात ती जे शिकेल ते पुढे कुठे मिळत नाही, आणि वॉर्डाला तिची खरोखर गरज असेल. लसी पूर्ण करा. विमा आणि राहायची सोय लेखी मागा. आणि ड्युटी लिस्ट लागली की तिला बघायला सांगा, आपल्या नावाशेजारी कोणत्या सिस्टरचं नाव आहे. ती जागा रिकामी असेल तर तिने तशीच ड्युटीवर उभं राहू नये, आधी इन्चार्जकडे जाऊन ते नाव लिहून घ्यावं.