भाचीसाठी हातकागदाची वही

प्रश्न : ताई, भाचीला हातकागदाची वही द्यायची आहे. सांगलीत बनवणारे कुठे शोधू? अस्सल कागद कसा ओळखू? – एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : बचत गटांच्या प्रदर्शनात जा, जुन्या बाइंडरलाही विचारा. हातकागद बहुधा सुती चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून चिवट. साच्यावर गाळलेल्या पानाची न कापलेली कड विरविरीत असते. सुट्या तुकड्यावर शाईचं पेन टेकवा. शाई पसरू नये म्हणून कागदाला दिलेली खळ कमी असेल तर शाई फुटते. वही दोऱ्याने शिवलेलीच घ्या, सपाट उघडते. नुसती डिंकाने चिकटवलेली मी कुणाला देत नाही! पुण्याला गेलात तर शिवाजीनगरची १९४०मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था जरूर बघा. मुखपृष्ठावर भाचीचं नाव हवं असेल तर आठवडाभर आधी सांगा.