बर्फाला थंड समजू नकोस

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

पृथ्वीवरच्या आणि परग्रहांवरच्या बर्फाच्या अभ्यासाचा तू पाठवलेला आराखडा वाचला. पहिल्याच पानावर गुरू आणि शनीच्या बर्फाळ चंद्रांची यादी आहे: युरोपा, गॅनिमिड, एन्सेलॅडस, टायटन. यादी बरोबर आहे, पण तिची जागा शेवटी. सुरुवात एका भागाकाराने कर. बर्फाचं तापमान केल्विनमध्ये घे आणि त्याला द्रवणांकाने, म्हणजे २७३ ने, भाग.

घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंश असतं, म्हणजे २५५ केल्विन. भागाकार येतो ०.९३. हेच गुणोत्तर लोखंडाला लावून बघ. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे १८११ केल्विनला वितळतं. त्याच्या ०.९३ पट म्हणजे १४०० अंश सेल्सिअसच्या वर. फ्रीजरमधला बर्फ हा भट्टीतल्या पांढऱ्या पडलेल्या लोखंडासारखा आहे. हाताला थंड लागतो ती आपल्या हाताची गोष्ट. अणूंच्या हिशेबात तो वितळण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. म्हणूनच तो घन असून वाहतो, त्यातले स्फटिक आपसूक वाढतात, आणि ट्रेमधले जुने खडे महिन्या-दोन महिन्यांत न वितळताच लहान होतात. आता युरोपाचा पृष्ठभाग घे: विषुववृत्तापाशी सुमारे ११० केल्विन, गुणोत्तर ०.४०. लोखंडाच्या भाषेत ४५० अंश सेल्सिअस. गरम खरं, पण लालसुद्धा झालेलं नाही आणि घणाला दाद देत नाही. प्लूटोवर ४० केल्विनच्या आसपास, गुणोत्तर ०.१५. तिथला पाण्याचा बर्फ म्हणजे सरळ खडक. पदार्थ एकच, वागणूक तीन प्रकारची. यापुढे "बर्फ असा वागतो" हे वाक्य लिहिलंस की लगेच विचार: किती तापमानाला, किती दाबाखाली, किती ताणाखाली आणि किती काळात?

पुस्तकाआधी हात घालायचा तो फ्रीजरमध्ये. स्वच्छ बर्फ गोठवून त्याचा एक पातळ काप कर आणि त्यातले स्फटिक डोळ्यांनी बघ. तीन सेंटीमीटर जाड भिंतींचा थर्माकोलचा लहान डबा घे, झाकण काढून टाक. आत बसेल असं प्लॅस्टिकचं भांडं ठेव आणि त्यात दीड लिटर उकळून गार केलेलं पाणी ओत. बाजू आणि तळ झाकलेले असल्याने पाणी फक्त वरून खाली गोठतं, आणि गोठणारा थर विरघळलेली हवा आणि क्षार पुढे ढकलत नेतो. अठरा-वीस तासांनी, तळाशी थोडं पाणी शिल्लक असतानाच, बाहेर काढ. संपूर्ण गोठू दिलंस तर ढकललेली सगळी हवा शेवटच्या थरात अडकते आणि तो दुधाळ होतो. नुसतं उकळून स्वच्छ बर्फ मिळतो हा समज अर्धाच खरा आहे. खरं काम गोठण्याची दिशा करते.

या वडीतून पाच मिलिमीटर जाडीचा काप करवतीने काढ. जाड दातांची करवत घे, बारीक दातांत चुरा अडकून बसतो. काचेची पट्टी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेली हवी. काप तिच्यावर ठेव आणि ड्रॉपरने गार पाण्याचे थेंब फक्त कडेने सोड. थेंब कापाखाली गेले तर तिथे नवे स्फटिक तयार होतात, आणि मग दिसतं ते तुझं चिकटकाम, मूळ बर्फ नव्हे. पंधरा मिनिटांनी वरची बाजू स्टीलच्या सपाट ताटावर गोल गोल घास, एका वेळी दोन-तीन सेकंदच, मग पुन्हा पाच मिनिटं फ्रीजरमध्ये. घाई केलीस तर कडा आधी पातळ होतात आणि मधे फुगवटा राहतो. व्हर्नियर कॅलिपरने एकूण जाडी मोजून काचेची वजा कर. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पोचायचं आहे.

हा आकडा का? बर्फाच्या स्फटिकात शिरलेला प्रकाश वेगवेगळ्या वेगाच्या दोन घटकांत विभागला जातो, आणि त्यांच्या अपवर्तनांकांमध्ये फरक असतो ०.००१४ इतका. अर्ध्या मिलिमीटर जाडीला तो लावला की प्रकाशाच्या दोन घटकांत ७०० नॅनोमीटरचं अंतर पडतं, आणि ते ठसठशीत रंगांच्या पट्ट्यात येतं. काप तीन मिलिमीटरचा असेल तर हेच अंतर ४२०० होतं आणि रंग धुऊन गेल्यासारखे फिके पडतात. बघायला लॅपटॉपचा एलसीडी पडदा पुरेल. पांढरं पान उघड, त्याचा प्रकाश आधीच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. वरून पोलरॉइड फिल्मचा तुकडा धरून पडदा काळा होईपर्यंत फिरव, मग मधे काप सरकव. प्रत्येक स्फटिक आपापल्या रंगात उजळेल. एखादा मोठा स्फटिक कसाही फिरवला तरी काळाच राहिला, तर प्रयोग फसला असं समजू नकोस. त्याचा प्रकाशीय अक्ष, म्हणजे प्रकाश ज्या दिशेने जाताना दोन घटकांत विभागला जात नाही ती दिशा, सरळ तुझ्या डोळ्याकडे रोखलेली आहे. त्याच वडीचा एक काप उभा आणि एक आडवा घेतलास की ही गोष्ट मनात पक्की बसेल. पावसाळ्यात करणार असशील तर काप बंद पिशवीतूनच बाहेर काढ, नाहीतर दमट हवेतलं बाष्प दहा सेकंदांत काचेवर गोठतं आणि सगळं धूसर होतं.

अंटार्क्टिकाच्या आइस कोअरचेही, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दंडगोलांचेही, असेच काप करतात, फक्त घासण्याऐवजी मायक्रोटोम या पातळ काप काढणाऱ्या यंत्राच्या पात्याने तासतात. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथे आइस कोअरसाठी शीतप्रयोगशाळा आहे. संधी मिळाली तर तिथल्या कामाची माहिती करून घे. कोअर इतकी थंड का ठेवतात, याचं उत्तर वरच्या भागाकारात आहे: गुणोत्तर १ कडे सरकलं की स्फटिक एकमेकांना गिळून मोठे होतात आणि थरांमधली रासायनिक नोंद पसरट होते. आणखी दोन गोष्टी नवख्याला हमखास चकवतात. पहिली: बर्फाचं वय आणि त्यातल्या बुडबुड्यांचं वय एक नसतं. भुसभुशीत हिमाची घनता घनमीटरला सुमारे ८३० किलोग्रॅम होईपर्यंत हवा वरखाली फिरत असते. छिद्रं बंद होतात ती त्यानंतर. अंटार्क्टिकाच्या आतल्या, कमी हिमवृष्टीच्या भागात या दोन वयांतला फरक काही हजार वर्षांचा असतो. दुसरी: घनता काढताना व्यास जपून मोज. सूत्रात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून ९८ मिलिमीटर व्यासाच्या कोअरवर एका मिलिमीटरची चूक घनतेत दोन टक्क्यांची होते. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या एपिका या युरोपीय कोअर-प्रकल्पाने ८ लाख वर्षांची नोंद दिली. त्यापुढच्या बियाँड एपिकाने जानेवारी २०२५ मध्ये २८०० मीटरपर्यंत पोचून १२ लाख वर्षांपूर्वीचा बर्फ वर आणला. हे सगळे निष्कर्ष शेवटी अशा साध्या मोजमापांवर उभे आहेत.

आता वाहण्याचं गणित. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत बर्फ दाबून दाखवलं की विरूपणाचा, म्हणजे आकार बदलण्याचा, वेग ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतो. कागदावर एक हिमनदी घे: जाडी १०० मीटर, उतार ५ अंश. तळाचा ताण म्हणजे घनता गुणिले गुरुत्व गुणिले जाडी गुणिले उताराची साइन: ९१७ × ९.८१ × १०० × ०.०८७, म्हणजे सुमारे ७८ हजार पास्कल. ग्लेन यांच्या नियमातला, बर्फ किती सहज वाहतो ते सांगणारा स्थिरांक शून्य अंशाच्या बर्फासाठी २.४ गुणिले १० चा उणे २४ वा घात. पृष्ठभागाचा वेग हवा असेल तर या स्थिरांकाच्या निम्म्याला ताणाच्या घनाने आणि जाडीने गुण. उत्तर सेकंदाला मीटरमध्ये येतं. वर्षात बदललं की होतं सुमारे १.८ मीटर. जाडी दुप्पट कर. वेग १६ पट होऊन वर्षाला २९ मीटर होतो, कारण जाडी ताणातही आहे आणि बाहेरही. आता बर्फ उणे २० अंशांचा कर. स्थिरांक विसाव्या हिश्शावर येतो आणि आपली १०० मीटरची हिमनदी वर्षाला फक्त ९ सेंटीमीटर सरकते.

इथे चुका ठरलेल्या आहेत. स्थिरांकाचं एकक पास्कलच्या उणे तिसऱ्या घातात असतं. ताण किलोपास्कलमध्ये घातलास तर उत्तर अब्जपट चुकतं. उतार अंशांत आहे आणि संगणक रेडियन धरतो आहे, हेही नेहमीचंच. शिवाय हे गणित फक्त आतल्या विरूपणाचं. तळाशी पाणी असलेली हिमनदी शिवाय तळावरून घसरतेही, म्हणून मोजलेला वेग जास्त आला तर सूत्राला दोष देऊ नकोस.

हेच सूत्र जसंच्या तसं युरोपाला लावायचा मोह होईल. उणे १० अंशांपासून ११० केल्विनपर्यंत, ६० किलोज्यूल प्रति मोल ही सक्रियण ऊर्जा (रेणूंना जागा बदलायला लागणारी ऊर्जा) धरून, घातांकाचं गणित करून बघ: बर्फ १ वर १६ शून्यं इतक्या पटीने ताठर होतो. ते कवच वाहत नाही, तडकतं. पण त्याच कवचाचा तळ समुद्राला टेकलेला, जवळजवळ २७० केल्विनचा. म्हणजे एकाच कवचात वर टणक पत्रा आणि खाली मऊ गोळा. शिवाय कमी ताणाखाली स्फटिकांच्या कडा एकमेकींवर घसरणं महत्त्वाचं ठरतं. गोल्ड्सबी आणि कोलस्टेड या संशोधकांनी २००१ मध्ये या प्रकारासाठी ३ ऐवजी १.८ घातांक दिला, आणि तिथे स्फटिकांचा आकारही गणितात येतो. युरोपाच्या आतले स्फटिक किती मोठे, हे कुणी मोजलेलं नाही. म्हणून युरोपाच्या कवचाची जाडी एका आकड्यात लिहिणाऱ्या लेखाकडे सावधपणे बघ.

दाबाबद्दल थोडक्यात. आपल्या ओळखीचा षटकोनी बर्फ २०९ मेगापास्कल आणि उणे २२ अंशांपर्यंतच द्रव पाण्याच्या सोबतीने राहू शकतो. त्यापुढे तिसरा, पाचवा, सहावा असे जड प्रकार सुरू होतात, जे पाण्यात बुडतात. पृथ्वीवर एवढ्या दाबाला २३ किलोमीटर जाड बर्फ लागेल, आणि आपल्याकडे सर्वांत जाड बर्फही पाच किलोमीटरच्या आत आहे. गॅनिमिडवर गुरुत्व १.४३ (पृथ्वीवर ९.८१), म्हणून तिथे सुमारे १६० किलोमीटर खोली पुरते, आणि तिथला पाण्याचा थर त्याहून कितीतरी जाड आहे. त्यामुळे त्याच्या समुद्राला खालूनही बर्फाचा तळ असण्याची शक्यता मोठी. युरोपावर मात्र बर्फ आणि पाणी मिळून साधारण १०० किलोमीटर. तळाचा दाब १३० मेगापास्कलच्या आसपास. म्हणजे तिथे पाणी थेट खडकाला भिडलेलं आहे. जीवसृष्टीच्या शोधात युरोपाला एवढं महत्त्व का, त्याचं एक मोठं कारण या दोन ओळींच्या गणितात आहे.

रडार शिकण्यासाठी वेगळा वेळ काढ. परग्रहावरच्या बर्फाच्या आत डोकावायचं आपलं मुख्य साधन तेच आहे. बर्फाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, ज्याच्या वर्गमूळाने प्रकाशाच्या वेगाला भागलं की लहरीचा वेग मिळतो, ३.१५; त्याचं वर्गमूळ १.७७, म्हणून लहर बर्फात एका मायक्रोसेकंदाला १६९ मीटर जाते. तळाचा प्रतिध्वनी पृष्ठभागाच्या प्रतिध्वनीनंतर २० मायक्रोसेकंदांनी आला तर खोली १६९० मीटर. जाऊन-येऊन हा निम्मा करायचा हिशेब विसरलीस तर खोली दुप्पट होते. पण अवघड भाग पुढे आहे: प्रतिध्वनी तेजस्वी आला म्हणजे खाली पाणीच, असं नसतं. २०१८ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स एक्सप्रेस यानावरच्या मार्सिस रडारने मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ दीड किलोमीटर खोलीवर सुमारे २० किलोमीटरचा तेजस्वी पट्टा दाखवला आणि द्रव पाण्याचा दावा झाला. तिथलं तळाचं तापमान सुमारे २०५ केल्विन धरतात. भागाकार कर: ०.७५. शुद्ध पाणी तिथे द्रव राहूच शकत नाही, भरपूर क्षार मानावे लागतात. पुढे विशिष्ट चिकणमाती किंवा थरांची रचनाही असाच प्रतिध्वनी देते असे पर्याय मांडले गेले, आणि वाद सुरू आहे. चंद्राच्या ध्रुवांवरही तेच: रडार-लहरींच्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाचं गुणोत्तर (पाठवल्या त्याच फिरत्या दिशेने परतलेल्या आणि उलट दिशेने परतलेल्या लहरींचं प्रमाण) बर्फाने वाढतं, तसंच खडबडीत दगडांनीही वाढतं. चांद्रयान-२ च्या रडारची निरीक्षणं इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर मिळतात. तिथून एक कायम सावलीतलं आणि एक उन्हातलं, ताज्या दगडांचं विवर घे आणि दोन्हींची तुलना कर. विवराच्या आत गुणोत्तर जास्त आणि काठाबाहेर कमी, की दोन्हीकडे जास्त, हे आधी बघ. दगड सहसा काठाबाहेरही पसरलेले असतात.

युरोपाच्या अभ्यासासाठी नासाचं युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं आहे आणि २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. त्याचं रडार ९ आणि ६० मेगाहर्ट्झवर चालतं. उबदार बर्फ रडारची ऊर्जा जास्त शोषतो, त्यामुळे कवचाचा वरचा थंड भाग दिसणं सोपं आणि खालचा मऊ भाग अवघड. पुन्हा तोच भागाकार.

प्लूटोचं काम तुझ्या आराखड्यात शेवटी आहे, ते तिथेच ठेव, पण जरूर कर. स्पुटनिक प्लॅनिशिया हे मैदान मुख्यतः नायट्रोजनच्या बर्फाचं आहे. नायट्रोजनचा द्रवणांक ६३ केल्विन, तिथलं तापमान ४० च्या खाली, गुणोत्तर ०.६. म्हणून तो बर्फ खालून वर घुसळला जातो, आणि न्यू होरायझन्स यानाने १४ जुलै २०१५ ला टिपलेल्या चित्रांत त्या घुसळणीचे दहा ते चाळीस किलोमीटर रुंद चौकोन-बहुकोन स्पष्ट दिसतात. कडेला उभे असलेले पर्वत पाण्याच्या बर्फाचे आहेत, आणि त्यांचे सुटलेले तुकडे नायट्रोजनपेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगतात. मात्र ०.६ हे गुणोत्तर पाण्याच्या आणि नायट्रोजनच्या बर्फात सारखी वागणूक देईल असं धरू नकोस. पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंध जखडतात, नायट्रोजनच्या रेणूंना फार दुबळी ओढ आहे. भागाकार दिशा दाखवतो. आकडा प्रयोगशाळेतूनच यावा लागतो.

एप्रिलपर्यंत दोन गोष्टी पाठव. पहिली, उभ्या आणि आडव्या कापांची छायाचित्रं, प्रत्येकाखाली व्हर्नियरने मोजलेली जाडी लिहून. दुसरी, हिमनदीच्या वेगाचा तक्ता: जाडी ५०, १००, २०० मीटर आणि तापमान शून्य, उणे १०, उणे २० अंश, उणे १० साठी स्थिरांक ३.५ गुणिले १० चा उणे २५ वा घात घे. एककं प्रत्येक रकान्यावर लिही.