इन्फ्लेशनमधे चुंबकीय क्षेत्र का नाही वाढलं?

प्रश्न : विश्व सुरुवातीला प्रचंड वेगाने फुगलं (यालाच इन्फ्लेशन म्हणतात), क्वांटम हेलकावे ताणले गेले आणि त्यातूनच पुढे दीर्घिका झाल्या असं वाचलं. मग विद्युतचुंबकीय क्षेत्राचे हेलकावे कुठे गेले?

उत्तर : अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. गंमत अशी आहे की मॅक्सवेलच्या समीकरणांना या फुगण्याचा पत्ताच लागत नाही (याला कॉन्फॉर्मल इनव्हेरियन्स म्हणतात), त्यामुळे हेलकावे वाढायचं सोडून क्षेत्र नुसतं विरत जातं, अंतरं दुप्पट झाली की क्षेत्र पाव, आणि इन्फ्लेशनमधे तर साधारण ५०-६० ई-फोल्ड धरतात (एका ई-फोल्डमधे अंतरं सुमारे २.७ पट होतात) म्हणजे हाती काय उरणार!

मग १९९२ मधे भौतिकशास्त्रज्ञ भरत रात्रा यांनी सुचवलं की इन्फ्लॅटॉनलाच (ज्या क्षेत्रामुळे विश्व फुगलं असं मानतात ते) फोटॉनशी जोडा. गणित जमतं, पण जोडणी जरा चुकली की क्षेत्राची ऊर्जाच एवढी वाढते की इन्फ्लेशन बोंबलतं, नाहीतर सुरुवातीला विद्युतभार इतका जबरदस्त धरावा लागतो की हिशोबावर भरवसा राहत नाही. शिवाय अशा क्षेत्राला दिशा असते, मग पार्श्वप्रारणातही (सुरुवातीच्या विश्वातून उरलेला, सगळीकडून येणारा मंद सूक्ष्मलहरींचा प्रकाश) एखादी दिशा वेगळी दिसायला हवी, पण प्लँक उपग्रहाच्या डेटात तसा काही ठोस पुरावा नाही.

मला स्वतःला अॅक्सिऑनवाली (अॅक्सिऑन म्हणजे एक कल्पित हलका कण) मॉडेल्स जास्त आवडतात, कारण त्यात गेज क्षेत्राचा (विद्युतचुंबकीय क्षेत्रासारख्या क्षेत्राचा) डावा किंवा उजवा एकच प्रकार फोफावतो आणि त्यातून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरीही एकाच बाजूला झुकलेल्या असतात, साध्या इन्फ्लेशनमधे दोन्ही सारख्याच. पार्श्वप्रारणाच्या ध्रुवणात हा फरक तपासता येईल, पण आधी त्या लहरी सापडायला तर हव्यात!