पीई परीक्षा पास झाल्यानंतर परवाना मिळेपर्यंत

अमेरिकेत पीई (प्रोफेशनल इंजिनिअर, म्हणजे परवानाधारक अभियंता) परीक्षेचा निकाल ‘पास’ आला आहे, तर आता नावापुढे पी.ई. लिहिता येईल का, आणि येत नसेल तर परवान्यासाठी आणखी काय करावे लागते, असा तुमचा प्रश्न आहे. पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट आहे: अजून लिहू नका. परवाना क्रमांक हाती येईपर्यंत व्हिजिटिंग कार्डावर, ई-मेलखालच्या सहीत किंवा लिंक्डइनवरही ती दोन अक्षरे नकोत, कारण परवान्याविना ती लावणे हा राज्याच्या कायद्याचा भंग ठरतो, आणि तुमचा अर्ज राज्याच्या ज्या परवाना बोर्डापुढे जायचा आहे त्याच बोर्डाकडे अशा तक्रारी जातात.

निकाल एनसीईईएस (राज्यांच्या परवाना बोर्डांची राष्ट्रीय परिषद) कळवते, म्हणून परवानाही तीच संस्था देत असावी असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात एनसीईईएस परीक्षा तयार करते आणि तपासते; परवाना देते ते तुमच्या राज्याचे बोर्ड. अभियंत्यांच्या परवान्याचा पहिला कायदा वायोमिंगने १९०७ मध्ये केला आणि तेव्हापासून हा विषय राज्यांकडेच राहिला आहे, त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या मित्राला जेवढी कागदपत्रे लागली तेवढीच तुम्हाला लागतील असे गृहीत धरू नका. टेक्सासमध्ये आचारसंहितेची वेगळी परीक्षा आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. कॅलिफोर्नियात सिव्हिलच्या उमेदवाराला भूकंपविषयक तत्त्वे आणि सर्वेक्षण अशा आणखी दोन परीक्षा द्याव्या लागतात. तुम्ही राज्याचे नाव लिहिलेले नाही, म्हणून पुढचे सगळे वाचताना आपल्या बोर्डाचे नियम शेजारी उघडे ठेवावेत.

खरा वेळ जातो तो अनुभवाच्या नोंदीत. एबीईटीची (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मान्यता असलेली चार वर्षांची पदवी असल्यास बहुतेक राज्ये पदवीनंतरचा चार वर्षांचा अनुभव मागतात (कॅलिफोर्निया दोन वर्षांवर भागवते). आता बऱ्याच राज्यांत हा अनुभव पुरा होण्याआधीच परीक्षेला बसता येते, आणि म्हणूनच ‘पास झालो, पण परवाना नाही’ अशा अवस्थेत पुष्कळ जण असतात. नुसती वर्षे भरली म्हणून काम होत नाही. ती वर्षे अभियंत्याची होती, आणि दर वर्षी तुमच्यावरची जबाबदारी वाढत गेली, हे बोर्डाला कागदावर दिसावे लागते.

माझ्या पहिल्या अर्जावर बोर्डाने अधिक तपशील मागवला आणि त्यात जवळजवळ तीन महिने गेले. मी लिहिले होते, ‘पुलाच्या डिझाइनमध्ये सहभाग घेतला व आराखडे तयार करण्यास मदत केली.’ या वाक्यात मी नेमके काय केले याचा पत्ताच नव्हता. आराखड्यांच्या प्रती काढणाऱ्यालाही ते लागू पडले असते. दुसऱ्या वेळी मी लिहिले, ‘तीन गाळ्यांच्या पुलाच्या प्रीस्ट्रेस्ड गर्डरवर येणारे भार मी काढले, टोकाच्या आधाराजवळ शिअर मर्यादेबाहेर जात असल्याचे आढळल्यावर स्टिरपमधले अंतर कमी केले, आणि गर्डरच्या दोन पर्यायांची तुलना करून त्यातला एक वरिष्ठांना सुचवला.’ काम तेच होते, पण आता त्यात निर्णय कोणाचा होता ते दिसत होते. आपल्याकडे ‘मी’ लिहिण्याचा संकोच असतो, ‘आम्ही’ म्हणणे सभ्यपणाचे वाटते. या एका कागदापुरता तो संकोच बाजूला ठेवावा.

तारखांकडेही असेच लक्ष द्यावे. दोन नोकऱ्यांच्या मधली रिकामी जागा लपवण्यापेक्षा ती रिकामी म्हणूनच दाखवावी. मास्टर्स पदवी बऱ्याच राज्यांत एका वर्षाच्या अनुभवाइतकी धरली जाते, मात्र तेच महिने नोकरीचा अनुभव म्हणून पुन्हा मोजता येत नाहीत.

ही नोंद ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांच्याकडून पडताळून घ्यावी लागते, आणि ते स्वतः परवानाधारक असावेत अशी सामान्यतः अपेक्षा असते. माझ्या पहिल्या नोकरीतल्या वरिष्ठांकडे परवानाच नव्हता, हे मला अर्ज भरताना कळले. सुदैवाने माझी गणिते तपासणारे दुसरे एक पी.ई. त्याच कार्यालयात होते आणि त्यांनी पडताळणी केली. शिवाय शिफारस करणारे वेगळे लागतात, त्यांतले निदान तिघे पी.ई. असावेत अशी अट अनेक ठिकाणी आढळते. या सगळ्यांना फॉर्मची लिंक जाण्याआधी स्वतः फोन करून आपल्या नोंदीचा मसुदा पाठवावा. लोक निवृत्त होतात, नोकऱ्या बदलतात, आणि बोर्डाचा ई-मेल स्पॅममध्ये पडून राहतो.

तुमची पदवी भारतातली असेल तर तिचे मूल्यमापनही बहुधा करून घ्यावे लागेल. एनसीईईएसच्या मानकात उच्च गणित व मूलभूत विज्ञानाचे ३२ आणि अभियांत्रिकी विषयांचे ४८ सेमिस्टर क्रेडिट अपेक्षित आहेत. आपल्या अभ्यासक्रमात दुसरा आकडा सहज भरतो, पहिल्यात मात्र कधी कधी तूट निघते आणि ती इथल्या कॉलेजात एखाद-दुसरा विषय घेऊन भरून काढता येते. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने थेट पाठवावी लागते, तुमच्या हातातली मार्कशीट चालत नाही. विद्यापीठाच्या खिडकीचा तुम्हाला अनुभव असेलच, तेव्हा हे काम सगळ्यांत आधी सुरू करा.

पुढेमागे दुसऱ्या राज्यात काम करण्याची शक्यता असेल तर ही सर्व कागदपत्रे एनसीईईएस रेकॉर्डमध्ये जमा करून ठेवणे मला सोयीचे वाटले. नव्या राज्याचा परवाना काढताना पुन्हा जुन्या वरिष्ठांच्या मागे धावावे लागत नाही, रेकॉर्डच त्या बोर्डाकडे पाठवता येतो.

क्रमांक मिळाल्यावर शिक्का बनवून घ्यावा लागतो. त्याचा आकार आणि त्यावरील मजकूर राज्याच्या नियमांत दिलेला असतो. स्वतः केलेल्या किंवा आपल्या थेट देखरेखीखाली झालेल्या कामावरच तो उमटवता येतो. नोकरी सांभाळून फावल्या वेळात स्वतःची कामे घ्यायचा विचार असेल तर काही राज्यांत, उदाहरणार्थ टेक्सासमध्ये, फर्म म्हणून वेगळी नोंदणी लागते. नूतनीकरणाची तारीख मात्र त्याच दिवशी लिहून ठेवा: टेक्सासमध्ये ते दरवर्षी करावे लागते व त्यासाठी वर्षाला १५ तासांचे व्यावसायिक शिक्षण दाखवावे लागते, तर कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी असते आणि अशी तासांची अट नाही.