अवतरणाचा मूळ धनी शोधताना

आपण या कामाला नव्यानेच लागला आहात, म्हणून आधी सांगतो की वाक्याखाली छापलेले नाव हा पुरावा नव्हे. वाक्य, वर्ष, स्थळ आणि प्रसंग या चारही गोष्टी एकाच मूळ छापील पानावर सापडेपर्यंत वहीत 'संशयित' असेच लिहावे.

सुरुवात घराजवळून करा. टिळकांनी मे १९१७ मध्ये आपल्या नाशकातच होमरूल लीगच्या वर्धापनाच्या वेळी जन्मसिद्ध हक्काविषयी भाषण केले होते. त्याचा छापील वृत्तान्त शोधून आज पाठ असलेल्या घोषवाक्याशी शब्दाला शब्द लावून पाहा. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय गावात असताना केवळ मोबाइलवर विसंबणे मला खरोखर सलते.

संतवचनांत नाममुद्रा, म्हणजे रचनेच्या शेवटी गुंफलेले कवीचे नाव, फार उपयोगी पडते. 'तुका झालासे कळस' हे शब्द ज्या अभंगातले, त्याच्या शेवटी 'बहेणि म्हणे' येते; अर्थात ती रचना तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंची, खानदेशच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) नव्हे. मात्र नाममुद्राही मागाहून जोडली जाते, म्हणून जुन्या गाथेशी पडताळणी हवीच.

कधी चरित्रकाराचा सारांशच नायकाचे वचन ठरतो. मत पटले नाही तरी ते मांडण्याच्या हक्कासाठी प्राण पणाला लावीन, हे फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअरच्या नावावरचे वाक्य एव्हलिन बीट्रिस हॉल यांनी १९०६ मध्ये त्याची वृत्ती सांगताना लिहिले. म्हणून अवतरणचिन्हांच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचल्याशिवाय पान मिटू नका.