थायरॉईड निघालाय, जालन्यातले पाहुणे म्हणतात गहू बंद कर. करू का?

लगेच नको. आधी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) करा. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार. गहू सोडून मग केली, तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. हाशिमोटोवाल्यांत (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर हल्ला करते, तो आजार) सिलिअ‍ॅक जरा जास्त आढळतो, एवढंच. गहू सोडला म्हणून थायरॉईडची गोळी सुटत नाही. ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्या.

अ‍ॅलर्जी सिलिअ‍ॅकपेक्षा वेगळीच. शेंगदाण्याची चटणी खाऊन काही मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर थेट दवाखाना.

सिलिअ‍ॅक निघालाच तर ज्वारीची भाकरी आहेच, तिच्यात ग्लूटेन नसतं. पण गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पीठ मिसळतं, म्हणून घरघंटी बरी. धपाट्यातही बरेचदा गव्हाचं पीठ असतं बरं का.