बॅक्युला: सर्व्हरवर डीएनएस ठीक, तरी जॉब लटकतो, असं का?

तुमचा सेटअप असा: डेबियन लिनक्सवर बॅक्युला (नेटवर्कवरून बॅकअप घेणारी प्रणाली), तिचा डायरेक्टर (जॉब चालवणारा भाग) आणि स्टोरेज डिमन (डेटा साठवणारा भाग) एकाच मशिनवर. तिथून क्लायंटला (ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या मशिनला) पिंग जातो, डिग (डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेला, विचारणारी कमांड) आयपी बरोबर दाखवते, तरी जॉब ‘क्लायंट स्टोरेजला जोडला जाण्याची वाट पाहतोय’ या स्टेटसवर अडकतो. दुसरा क्लायंट कधी चालतो, कधी नाही.

पहिल्याचं आधी. तुम्ही तपासताय सर्व्हर, आणि नाव शोधतोय क्लायंट. डायरेक्टर क्लायंटला ९१०२ पोर्टवर गाठतो, ते तुमच्याकडे होतंय. पण डेटा द्यायला क्लायंट स्वतः स्टोरेज डिमनच्या ९१०३ वर जातो, आणि कुठे जायचं ते डायरेक्टर त्याला सांगतो: आपल्या कॉन्फिगमधल्या स्टोरेज रिसोर्सचा ॲड्रेस, जसाच्या तसा. तिथे लोकलहोस्ट (म्हणजे ‘हेच मशिन’) असेल तर क्लायंट स्वतःचंच दार ठोठावत बसतो. नुसतं ‘बॅकअप’ असं आखूड नाव असेल तर क्लायंटचं सर्च डोमेन (आखूड नावापुढे आपोआप जोडलं जाणारं डोमेन) काय आहे, यावर सगळं ठरतं. पूर्ण नाव लिहा.

आता क्लायंटवर लॉगिन करून गेटएन्ट होस्ट्स (मशिनला नावाचा कोणता आयपी मिळतो ते दाखवणारी कमांड) चालवा, पुढे कॉन्फिगमधलं तेच नाव. डिग किंवा एनएसलुकअप इथे नको. ते थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात, होस्ट्स फाइल (मशिनवरचीच नावं आणि आयपींची यादी) बघतच नाहीत, त्यामुळे तिथली एखादी जुनी नोंद कधी सापडायची नाही. विंडोज क्लायंट असेल तर पिंगने कोणता आयपी येतो ते बघा.

आयपी बरोबर आला तर क्लायंटवरूनच नेटकॅटने (पोर्टला जोडणी होते का ते पाहणाऱ्या कमांडने) ९१०३ तपासा. कनेक्शन नाकारलं गेलं तर सर्व्हरवर एसएस कमांडने डिमन कुठल्या आयपीवर ऐकतोय ते पाहा. डेबियनचं पॅकेज एसडीॲड्रेसमध्ये (डिमनने कुठल्या आयपीवर ऐकायचं त्या सेटिंगमध्ये) मुळात १२७.०.०.१ घालून देतं. ते काढून सर्व्हरचं नाव घातलं तरी फसगत होते, कारण होस्ट्स फाइलमध्ये मशिनचं स्वतःचं नाव बऱ्याचदा १२७.०.१.१ ला बांधलेलं असतं. डिमन परत लूपबॅकवरच, म्हणजे फक्त स्वतःच्याच मशिनचं ऐकतो. तिथे सरळ लॅनचा आयपी द्या आणि स्टोरेज डिमन रीस्टार्ट करा. डायरेक्टरचं कॉन्फिग ‘उणे टी’ (-t) पर्यायाने तपासून बीकन्सोलमध्ये (बॅक्युलाच्या कमांड कन्सोलमध्ये) रीलोड पुरतो. लटकलेला जॉब मात्र हाताने कॅन्सल करून पुन्हा लावा, त्याच्याकडे जुनाच पत्ता आहे.

दुसऱ्या क्लायंटची रिझॉल्व्ह कॉन्फ फाइल (कुठल्या डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नेमसर्व्हरला, विचारायचं त्याची यादी) उघडा. पहिला नेमसर्व्हर ऑफिसचा आणि दुसरा ८.८.८.८ (गूगलचा) असेल, तर माझा संशय तिथेच. दुसरी ओळ ‘पहिल्याला नाव सापडलं नाही तर’ यासाठी नसते. पहिल्याने ठरल्या वेळेत, एरवी ५ सेकंदांत, उत्तर दिलं नाही की दुसऱ्याला विचारलं जातं. आतल्या सर्व्हरचं नाव गूगलला ठाऊक नाही, तो ‘असं नावच नाही’ म्हणतो, आणि ते अंतिम उत्तर धरलं जातं. ऑफिसचा दुसरा डीएनएस सर्व्हर असेल तर तो टाका, नसेल तर एकच ओळ ठेवा.